आईचा आंगठा

पुनावळे
ता. १६ जानेवारी १९५५

चिमाजीस आशीर्वाद. लिवायची रीत हाय म्हनून लिवला. मनातनं किती निघालाय त्ये मला ठावं न्हाई.

अक्षर वळखशीलच. ह्याच अक्षरापायी मास्तरांनी चौथीपातुर माजी बोटं सुजवली व्हती. तुला रंगूनला जाऊन चौदा म्हैनं झालं, तुजी सात पत्रं आली आन् थोरल्या भावाचं येक बी गेलं न्हाई. मी लिवनार बी नव्हतो. तू निघालास त्या दिशी खळ्यावर मी म्हनलो व्हतो, गेलास तर मला मेलास. तू पाया पडाया वाकलास आन् म्या पाय मागं घेतलं. त्ये शब्द म्या परत घेतल्यालं न्हाईत. आई मागं लागली म्हनून लिवतोय, येवढं ध्यानात ठेव.

आजपातुर तुजी पत्रं आईला मास्तर वाचून दावायचे. त्येंची बदली चाकनला झाली, नवा मास्तर अजून आला न्हाई. परवा टपालवाला तुजं पाकीट देऊन गेला. तुज्या वैनीला वाचाया येत न्हाई. आईनं दोन दिस त्ये पाकीट पदराच्या गाठीला बांधलं आन् तिसऱ्या दिशी काठी टेकत गावात वाचनारं कोन घावतंय त्ये धुंडाया निघाली. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, दारातली गाय दिसंना तिला. मंग म्हनलं, आन हिकडं, वाचतो.

तर तू लिवलंस की बंदरावर हमाली केल्याली येक म्हातारी दवाखान्यात आलीय, तिच्या पायाची जखम तू रोज सकाळी धुतोस, त्यातलं किडं चिमट्यानं काडलंस. मी तितंच थांबलो, नुकता जेवून उठलो व्हतो. आई म्हनली, फुडं वाच. फुडं तू लिवलंस, ती तुला तिच्या तेलगूत कायतरी हाक मारती, त्येचा अर्थ तुला म्हैनाभर कळला न्हाई, मंग कुनी सांगितलं की ती बाळा म्हनती. मंग तिनं मला सांगितलं की त्या म्हातारीचं नाव काय आन् तिला कुनी हाय का न्हाई, ह्ये पैलं इचार. म्हनून इचारतोय. मला तिच्याशी काय घेनं-देनं न्हाई.

मला राग कुनाचा हाय सांगू का? माजा. पिंपरीला निर्वासितांची छावनी पडली, सिंधी लोकं उघड्यावर आली, त्येंच्यात आजार पसरला, तवा ते मठातले भगवे महाराज मलमपट्टीला आले. तू तितं दूध घालाया जायचास. म्याच तुला म्हनलो व्हतो की नुसतं दूध वतून काय येतोस, जरा हात बी लाव कामाला. माज्याच तोंडातनं निघालं त्ये. तू हात लावलास त्यो लावलासच. मंग तळेगावच्या दवाखान्यात पट्ट्या बांधाया शिकलास, आन् येक दिस म्हनलास की मठाचा दवाखाना रंगूनला हाय, दोन वर्सं तितं सेवा करून बघतो, मन लागलं तर दीक्षा घेतो.

तुजे मोठे महाराज शाने दिसतात. दोन वर्सं भगव्याचं नाव काडू नगंस म्हनले, जखम धुताना मन काय म्हनतंय त्ये ऐक, माळ वडताना काय म्हनतंय त्ये नगं. ह्ये मला पटलं. आज ना उद्या तुला त्यो वास सोसायचा न्हाई आन् तू मुकाट घरी येशील, आसं मी धरून चाललोय.

सांगवीच्या यशवंतरावांनी इंदूला दुसरीकडं दिली. वर्सभर तुज्यासाठी थांबले व्हते. आता मी सांगवीच्या वाटंनं जात न्हाई.

आई म्हनते, मला आग द्यायला तरी त्यो येनार हाय का इचार. बापाला थोरला आन् आईला धाकटा, ही आपल्यातली रीत तू इसरला नसशील. बापाचं म्या केलं, तवा तू तीन वर्साचा व्हतास, माज्या खांद्यावर बसून सगळं बघत व्हतास.

आईला वाटतंय की कागदावर तिचं बी काय तरी जावं. तलाठ्याफुडं देतात तसा आंगठा खाली दिलाय. डाव्या आंगठ्यावर आडवी रेघ दिसंल. तुला पाठीशी बांधून जोंधळा कापताना इळा लागला व्हता, त्येची. ती म्हनते की ही खूण बघून चिमाला कळंल, माजाच हाय म्हनून.

दौलतराव


पुनावळे
ता. ९ मे १९५५

चिमा, आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. आईला वाचून दावलं. समदं वाचलं, येक अक्षर गाळलं न्हाई.

म्हातारीचं नाव कळलं. आप्पलम्मा आईच्या तोंडात बसंना, ती तिला आप्पाची आई म्हनते. गेल्या म्हैन्यात ती गेली, डोकं तुज्या मांडीवर व्हतं आन् शेवटचं पानी तू घातलंस, हे बी वाचलं. आईनं पदर डोळ्याला लावला.

मंग खालचं वाचलं. दोन वर्सं कार्तिकात भरतील. मन त्या वाटंनं जातंय पन खरंच जातंय का नुसतं वाटतंय, ह्ये तुला अजून कळत न्हाई. महाराज म्हनले, ज्येची आई जित्ती हाय त्येनं आईच्या होकाराची खूण कागदावर आनावी, त्याबिगर दीक्षा न्हाई. भावाचं चालत न्हाई, आईचंच पायजे, ही मठाची रीत.

आई न्हाई म्हनते.

ती म्हनते की तू घरी यावंस. आता ह्यात माजं काय न्हाई, मी नुसता लिवनारा. पन इचारलंस तर सांगतो. सेवाच करायची तर समिंदरापार कशाला? पिंपरीला औशधाचा येवढा मोठा कारखाना उभा ऱ्हायलाय, तितलं औशध सुईतनं टोचलं की मरनारा मानूस उठून बसतो म्हनं. तुज्यासारख्या दवाखान्यात काम केलेल्याला तितं आज जागा मिळंल. शिफ्ट करून सांजच्याला घरी यशील. तू येका म्हातारीची जखम धुशील तवर त्या कारखान्यातनं हजारांचं औशध जाईल. मंग मोठी सेवा कुटली?

आन् मठाला मानसं किती बी मिळतील. ह्या घरात तूच येक हाईस. मला आन् शालनला पोरबाळ न्हाई. दोघं आमोरासमोर जेवाया बसतो आन् भाकरी मोडल्याचा आवाज ऐकतो. बाप गेल्यावर म्या तुला वाढवला, शाळेत घातला, माजं शिक्षान चौथीत सुटलं त्ये तुज्या सातवीसाठी. ह्ये काय उपकार काडत न्हाई. पन ल्योक म्हनावा आसा मला तूच.

खाली आईनं आंगठा दिलाय. त्यो तिचा निकाल. आता परत परत इचारू नगंस, म्हातारीच्या जिवाला तरास व्हतो.

शालनला काय झालंय कोन जानं. दोन दिस माज्याशी बोलत न्हाई. उन्हाचं आसंल.

तुजा दादा, दौलत


पुनावळे
ता. २ ऑक्टोबर १९५५

चि. चिमास आशीर्वाद.

तुजी दोन पत्रं पडून ऱ्हायली. लिवाया झालं न्हाई. धा-बारा दिस शेतावर बी गेलो न्हाई, घरात जरा कामं निघाली व्हती. डोक्यात खवडं झालं म्हनून वस्तरा फिरवून घेतला, आता टोपी बसत न्हाई.

आई बरी हाय. आता झोपलीय.

तू मे म्हैन्यापासनं त्येच इचारतोस, आईनं काय शब्दात न्हाई म्हटलं, रागानं म्हटलं का रडून. शब्द मला आठवत न्हाईत. न्हाई म्हंजे न्हाई.

काल गाठोडी हालवताना तुजं ल्हानपनीचं आंगडं घावलं. आईनं जपून ठेवलं व्हतं, मला ठावंच नव्हतं. तू चार वर्साचा आसताना पवनामाईच्या डोहात पडलास, म्या उडी टाकली, तुला काडला, आन् वर आल्यावर तुज्या मुस्काटात दिली. तू रडला न्हाईस, मीच रडलो. आईनं दोघांना येकाच धडप्यात गुंडाळून घरी आनलं. कशापायी लिवलं ह्ये? बसलो आन् आठवलं.

सन्याशाला सुतक आसतं का रं? सहज इचारतो.

आंगठा खाली हाय.

दादा


पुनावळे
ता. २७ नोव्हेंबर १९५५

चिमा,

तू काय तलाठी हाईस का आंगठं तपासाया? म्हनं ह्या खेपंला खूण दिसत न्हाई. शाई दाट झाली व्हती, तिचा हात थरथरतो, कागद सरकला. येवढ्या लांब बसून म्हातारीच्या आंगठ्यावर सौंशय घेतोस. लाज वाटू दे जरा.

रागावलो. जाऊ दे.

दोन वर्सं भरली त्ये ध्यानात हाय. तू लिवलंस, अजून येकदा इचारा, येकदाच, न्हाई आलं तर जन्मात इचारनार न्हाई. इचारलं. आई न्हाई म्हनते. लई थकलीय रं ती. दिसत तर न्हाईच, ऐकाया बी कमी येतं. उंबऱ्यावर बसून चिंचवडाच्या वाटंकडं तोंड करती. कोन येनार हाय म्हटलं तर तुजं नाव घेती. भगव्यातला ल्योक मला नगं, माजा चिमा मला पायजे, म्हनते. डोळं मिटायच्या आत ये. त्यापरीस जास्ती मला लिवता यायचं न्हाई.

यंदा दिवाळी केली न्हाई. शालनला बरं नव्हतं. शेजारच्या छबूबाईनं फराळाचं आनून दिलं.

नवा मास्तर आला. भला वाटतो. म्हनला, तुमच्या भावाचं पत्र आलं की आना, मी वाचून दाखवीन. मी म्हनलो, मला येतंय वाचाया.

आंगठा खाली. ह्या येळंला शाई पातळ केलीय. खूण आता तितकी उठत न्हाई, म्हातारपनी कातडं सैल पडतं.

दादा


पुनावळे
ता. २२ जानेवारी १९५६

चिमा,

तू येतोस. फेब्रुवारीअखेर मठ सोडतो म्हनलास. पत्र चार येळा वाचलं, खळ्यावर जाऊन परत येकदा वाचलं. शालननं ऐकलं आन् उठून गाईला चारा घालाया गेली. चारा सकाळीच घातला व्हता.

बोट कवा हाय त्ये कळव. मी बैलगाडी घेऊन चिंचवड ठेसनावर येतो.

टपालवाला दारात हुबा हाय, आंगठा ह्या खेपंला न्हाई.

दादा


पुनावळे
ता. ४ मार्च १९५६

चिमा,

आशीर्वाद लिवत न्हाई. द्यायचा हक्क ऱ्हायला न्हाई.

तू १२ तारखेला कलकत्त्याला उतरनार, मठाच्या धर्मशाळेत चार दिस ऱ्हानार, म्हनून ह्ये पत्र तितल्या पत्त्यावर धाडतोय. ह्ये पत्र गर्दीत वाचू नगंस. येका बाजूला बस आन् वाच.

आई न्हाई. सप्टेंबरच्या १७ तारखेला गेली. तीन दिस ताप आला, तिसऱ्या दिशी दोपारी गेली. तरास झाला न्हाई. पानी म्या घातलं. त्यानंतरची जी पत्रं तुला आली त्यात ती उंबऱ्यावर बसती, वाट बघती, तुला बोलावती, ती समदी मी बसवलेली. आंगठं शालनचं. पैल्यांदा म्या तिचा हात धरला तवा ती नगं म्हनली. दुसऱ्यांदा बोलली न्हाई, आंगठा दिला आन् भिंतीला पुसला. त्यो डाग चुलीशेजारी हाय. तिनं सारवताना दर खेपंला तेवढी जागा सोडली.

ह्येच्यापरीस वाईट फुडं हाय.

मेच्या पत्रात म्या लिवलं की आई न्हाई म्हनते. आई हो म्हनली व्हती.

त्या दिशी तुजं पत्र वाचून झालं. आप्पलम्माचं वाचलं, महाराजांच्या रीतीचं वाचलं. मी म्हनलो, न्हाई म्हनून लिवतो बघ. तवा ती बोलली. ते शब्द तू मला पाच म्हैनं इचारत व्हतास आन् मी आठवत न्हाईत म्हनलो. मला येकूनयेक आठवतात. ती म्हनली, "माज्या तोंडात पानी घालाया तू हाईस दौल्या. तिला कोन व्हतं? त्येला हो म्हनून लिव."

मी कागद घेतला आन् लिवलं. तिला अक्षर कळत न्हाई, आन् कळतं तरी दिसत नव्हतं. तिनं इचारलं, लिवलंस का रं हो म्हनून? मी म्हनलो, व्हय. मंग तिनं आंगठा शाईत बुडवला आन् आसा दाबून दिला की मला वाटलं कागद फाटतोय. शालन दारात हुबी व्हती. तिनं आईचं बोलनं ऐकलं व्हतं आन् फुडं म्या तुला काय लिवलंय त्ये तिनं मला इचारून घेतलं. म्हनून ती बोलत नव्हती. उन्हाचं काय बी नव्हतं.

आन् मंग आई चार म्हैनं खुशीत जगली, ह्येच मला जास्ती लागतंय. म्या तिला सांगितलं की महाराज कार्तिकापातुर थांबले न्हाईत, तुला भगवं मिळालं. तिनं पानवठ्यावर सगळ्या बायांना सांगितलं, माजा चिमा म्हाराज झाला. छबूबाई येऊन तिच्या पाया पडली, सन्याशाची आई म्हनून. ती मला इचारायची, पत्रात खुशीत दिसतो न्हवं त्यो? मी म्हनायचो, दिसतो. आन् हिकडं पत्रात तू तळमळत व्हतास. ती पत्रं मी तिला वाचायचो आन् वाचता वाचता दुसरंच सांगायचो. तू लिवलंस, झोप लागत न्हाई. मी वाचलं, लई कामं हायेत, पन मन रमलंय.

ताप आला तवा तिनं मला जवळ बसवलं. म्हनली, रीतीनं आग धाकट्याची, पन त्यो आता सन्याशी, त्येला आमचं काय करता यायचं न्हाई. तवा तूच दे, मनात काय आनू नगंस. म्या दिली. चिमा, तवा तू सन्याशी नव्हतास. साध्या कपड्यात रंगूनला पट्ट्या बांधत व्हतास. आईला आग द्यायचा मान तुजाच व्हता आन् तिनं त्यो माज्या खोट्यापायी सोडला. तुला तार करता आली आसती. येळेवर पोचला नसतास, पन कळलं आसतं, तितं नदीवर जाऊन पानी तरी सोडलं आसतंस. म्या तार केली न्हाई. गावाला वाटलं सन्याशाला कळवायचं नसतंय. कुनी इचारलं बी न्हाई.

का केलं? महाराजांची रीत ज्येची आई जित्ती हाय त्येच्यासाठी. आई गेल्याचं कळवलं आसतं तर तुला कुनाच्या खुनेची गरजच ऱ्हायली नसती, दोन वर्सं भरल्या भरल्या तू भगवं घातलं आसतंस. म्हनून मी तिला मरू दिली न्हाई. पत्रात बसवून ठेवली. कंदी कंदी मला बी खरं वाटायचं. लिवताना मी उंबऱ्याकडं बघायचो.

आन् माजं साधलं बी. तू मठ सोडलास. आनंदानं उड्या माराव्यात आसं झालं व्हतं दोन-चार दिस. खोली सारवून घेतली, तुज्यासाठी बाज विनली.

मंग तुजं परवाचं पत्र आलं. तुजी भाषा तितं जाऊन साफ झालीय. तू लिवलंस, "आईचं नाही आलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मला हे खरंच हवं होतं. तोवर कळत नव्हतं. पण आईचं मन मोडून कुणाची जखम धुणार मी? म्हणून येतो. तुम्ही काही वाटून घेऊ नका." येवढं लिवलंस. माज्यावर येक शब्दानं बी ठपका ठेवला न्हाईस.

फुडं लिवलंस की दवाखान्यातल्या डोळ्याच्या डागदरानं पुन्यातल्या येका डागदराला चिठ्ठी दिलीय, उतरल्या उतरल्या आईचा मोतीबिंदू काडायचा. मोतीबिंदू काडल्यावर लागतो त्यो जाड भिंगाचा चष्मा तुला डागदरानं दिला, त्यो तू कापसात गुंडाळून पेटीत मधोमध ठेवलायस, बोटीत धक्का लागू नये म्हनून. आईला पैलं काय दिसंल, तुजं तोंड का गाय, आसं गमतीनं लिवलंस.

मी त्ये मोठ्यानं वाचत व्हतो. शालन भाकरी थापत व्हती. तिनं हात धुतला. म्हनली, "ठेसनावर उतरल्यावर त्यो पैलं आई कुटं म्हननार. तवा तुमी सांगा. मी गाडीत बी बसनार न्हाई." धा म्हैन्यांत माज्याशी येवढी बोलली. ठेसनावर तुज्या हातात त्यो चष्मा आन् मी सांगनार, ह्ये माज्यानं व्हनार न्हाई. म्हनून लिवतोय. भित्रा हाय मी, दुसरं काय.

आईच्या अस्थी अजून हायेत. घरात आनत न्हाईत म्हनून मळ्यातल्या नदीकडच्या आंब्याला फडक्यात बांधून टांगल्यात. समदे म्हनतात, सोड की आता, किती दिस ठेवतोस. मी म्हनतो बघू. आग तुजी घेतली, ह्ये तरी तुजं तुला ऱ्हाऊ दे, आसं मनात व्हतं. पन तू भगवं घेतलंस की ह्ये बी तुला करता यायचं न्हाई. तवा कसं करायचं त्ये मला सुचत न्हाई. मी लई इचार केला, मला सुचत न्हाई.

कलकत्त्याहून हिकडं गाडी येती आन् तिकडं बोट जाती. कुटली धर म्हनून मी सांगनार न्हाई. आजवर लई सांगितलं. आलास तर मी ठेसनावर आसंन. तू पाया पडशील आसं न्हाई, पडूच नगंस, पन वाकलास तर पाय मागं घेनार न्हाई. मारलंस तरी सोशीन. अस्थी सोड, मंग ऱ्हा न्हाईतर परत जा. आन् तितनंच फिरलास तर दोन ओळी कळव, मी आन् शालन जाऊन पवनेत सोडू. तुजं नाव घेऊन सोडू. चष्मा दवाखान्यात दे कुना म्हातारीला.

माजी मे म्हैन्यातली चिठ्ठी तू टाकली नसशील. तू आईचा आंगठा टाकनारा न्हाईस. पेटीत बघ. खाली खूण हाय, आडवी, इळ्याची. त्यो कागद महाराजांना दाव. वरचं समदं खोड, ती अक्षरं माजी हायेत. आंगठा तेवढा ठेव. त्यो तिचा हाय, आन् त्यो हो म्हनूनच दिलाय.

दौलत